डिझेल कॉम्प्रेशन टेस्टर: जुन्या तीन सिलिंडर ट्रॅक्टरवर चार महिने वापरल्यावर

सिलिंडरमधला दाब मोजायचा हा संच चांगला आहे, पण त्याच्यासोबत येणारं सूचनापत्रक अगदी वाईट आहे. मी तो चार महिन्यांत सहा वेळा लावला. त्यातली पहिली वेळ पूर्ण वाया गेली आणि तिचं कारण हे पत्रकच होतं. म्हणून सविस्तर लिहितोय. ज्याच्याकडे जुना ट्रॅक्टर आहे आणि "बोअर गेलाय, इंजिन उतरवा" असं ज्याला कुणीतरी सांगितलंय, त्याने इंजिन उतरवण्याआधी हे वाचावं.

माझं इंजिन तीन सिलिंडरचं, थेट इंजेक्शनचं आहे. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ९१.४ आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव १२७ मिलिमीटर, एकूण अडीच लिटर. या मापाचं इंजिन ज्यांनी खोललंय त्यांना ते कुठलं हे कळलंच असेल. गेल्या थंडीपासून सकाळी सेल्फ दहा-बारा सेकंद मारल्याशिवाय ते पेटायचं नाही. पेटलं की मिनिटभर पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा. गरम झाल्यावर धूर जायचा, पण नांगर लावला की दम कमी पडायचा. ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) थोडी वाफ येत होती. ज्या कारागिराला दाखवलं त्याने ब्रीदरवर हात धरला आणि बोअर, पिस्टन, रिंगा सगळं नवीन घाला म्हणाला. कदाचित त्याचं बरोबरही असेल असं तेव्हा वाटलं. पण ब्रीदरवर हात धरून एवढा मोठा निर्णय घ्यायला माझं मन तयार होईना.

डिझेल इंजिनाला ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती तापून ४०० अंश सेल्सियसच्या वर गेली पाहिजे, मग त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. हवा कुठून तरी निसटली की दाब कमी, दाब कमी की उष्णता कमी, आणि न पेटलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर. निसटायच्या मुख्य वाटा तीन: पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली, व्हॉल्व्हमधून बाहेर, किंवा हेड गॅस्केटमधून (हेडच्या सांध्यातून). तिन्हींची दुरुस्ती वेगळी आणि खर्च तर फारच वेगळा. हवा निसटतेय की नाही हे हा संच सांगतो. कुठून निसटतेय हे मात्र आपल्याला त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं.

पेटीत मिळालं ते असं: ० ते १००० पीएसआयचं (दाबाचं एकक) गेज, आतल्या बाजूला तेच बारमध्ये. रबराचं आवरण चांगलं जाड आहे, माझ्या हातून एकदा सिमेंटवर पडलं आणि काही झालं नाही. गेजच्या मानेवर दाब सोडायचं बटण. एक लवचिक पाईप. नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या) जागी बसणारे दहा-बारा अडॅप्टर, काही आट्यांचे, काही क्लॅम्पने दाबून बसवायचे. तीन सुटे व्हॉल्व्ह-कोअर (गेजमध्ये गेलेली हवा परत येऊ न देणाऱ्या बारीक झडपा). पेट्रोलचं गेज कुणाकडे असेल तर ते इथे लावू नये, ते बहुतेक ३०० पीएसआयपर्यंतच असतं आणि धडधाकट डिझेल इंजिन त्याच्या सहज पुढे जातं.

गेजबद्दलची पहिली तक्रार म्हणजे त्याच्या दोन रेघांमधलं अंतर २० पीएसआयचं आहे आणि आपलं सगळं काम ३०० ते ४५० च्या दरम्यान चालतं, म्हणजे तबकडीच्या अर्ध्याहून कमी भागात. सुई दोन रेघांच्या मध्ये थांबली की अंदाज करावा लागतो. ६०० पर्यंतचं गेज दिलं असतं तर माझ्यासारख्याचं जास्त भलं झालं असतं.

आता ती वाया गेलेली पहिली संध्याकाळ. पत्रकात लिहिलंय: इंजेक्टर काढा, अडॅप्टर बसवा, इंजिन फिरवा, आकडा वाचा. मी तेवढंच केलं. इंजिन थंड, एअर फिल्टर जागेवर, बॅटरी जशी होती तशी. एकेक नोझल काढून, मोजून, परत लावत गेलो. पहिला सिलिंडर ३४०, दुसरा ३२५, तिसरा २४०. तिसऱ्यावर अडॅप्टरच्या बुडातून फुस्स आवाजही येत होता. त्या रात्री मी मनातल्या मनात इंजिन उतरवूनच टाकलं होतं.

सकाळी मुलीने विचारलं, "बाबा, तिसऱ्याच्या वेळी सेल्फ हळू फिरत नव्हता का? मला आवाजावरून तसं वाटलं." सेल्फ तीच मारत होती, आणि तिचं बरोबर होतं. दोन सिलिंडर होईपर्यंत बॅटरी दमली होती. इंजिन हळू फिरलं की हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो, भिंतींना उष्णता जास्त जाते, आणि आकडा खाली येतो. म्हणजे २४० मध्ये सिलिंडर किती, बॅटरी किती आणि अडॅप्टरच्या बुडातली गळती किती हे सांगायला काहीच मार्ग नव्हता.

दुसऱ्या वेळी सगळं रीतसर केलं आणि तीच पद्धत पुढे ठेवली. बॅटरी रात्रभर चार्जिंगला. इंजिन चालवून तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत गरम. एअर फिल्टर काढलेला, कारण तुंबलेल्या फिल्टरमागून हवाच कमी आली तर दाबणार काय? तिन्ही नोझल एकदम काढलेले, म्हणजे सेल्फवरचा भार कमी आणि प्रत्येक सिलिंडरला फिरण्याचा वेग सारखा. इंजिन बंद करायची दोरी ओढून बांधून ठेवलेली, म्हणजे पंप डिझेल सोडत नाही. टाकीची तोटी मात्र उघडी, कारण पंपाला आतून वंगण डिझेलचंच असतं, तो कोरडा फिरवायचा नसतो. काही इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये एकच नोझल काढून बाकीच्यांवर इंजिन चालू ठेवून मोजायला सांगितलेलं असतं. ते आकडे वेगळे येतात, दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नये.

दोरी बांधली की नाही हे दोनदा बघा. नोझलला जोडलेला पाईप चालू पंपावर राहिला तर त्यातून येणारी बारीक धार कातडी फोडून आत जाते. ती जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आत बोट घालवते. आणि टेस्टर लावलेला असताना इंजिन चालू करायला वापरतात तो स्प्रे अजिबात मारू नये. सिलिंडरमध्ये पेट घेतला तर तो दाब झेलण्यासाठी हे गेज बनवलेलं नाही. पत्रकात या दोन्ही गोष्टींबद्दल एक ओळही नाही. माझा सगळ्यात मोठा राग याच्यावरच आहे.

नोझल काढणं हे या कामातलं सगळ्यात जड काम. पहिल्या मोजणीच्या आधी माझा तिसरा नोझल काजळीने इतका धरला होता की रात्रभर गंज सोडवायचं तेल मुरवून, सकाळी पान्याने डावी-उजवीकडे हलवत हलवत अर्ध्या तासाने निघाला. हेडवर हातोडा मारायचा मोह होतो, मारू नये. निघाल्यावर टॉर्च लावून खाली बघितलं तर तांब्याचा जुना वॉशर तळाशीच चिकटलेला. मागच्या कुणीतरी तो न काढता वर नवीन वॉशर टाकून नोझल बसवला होता. दोन वॉशरमुळे नोझल वर राहतो, फवारा चुकीच्या जागी पडतो. म्हणजे टेस्टर लावायच्या आधीच एक दोष सापडला. तार वाकवून तो काढला, बैठक चिंधीने साफ केली. मग अडॅप्टर लावण्याआधी भोकं मोकळी ठेवून सेल्फ दोन-तीन सेकंद मारला, काजळीचे खडे बाहेर उडाले. तेव्हा समोर उभं राहू नये. हे खडे अडॅप्टरच्या व्हॉल्व्हमध्ये अडकले की आकडा थांबतच नाही, सुई घसरत राहते.

माझ्या हेडला क्लॅम्पचा अडॅप्टर लागतो. तो बसतो, पण त्याची पट्टी मऊ आहे. दोन्ही नट एकाआड एक, अर्धा-अर्धा फेरा देत आवळले तर ठीक. एक बाजू आधी आवळली की पट्टी वाकते आणि बुडातून हवा जाते. पहिल्या संध्याकाळची फुस्स तीच होती. आता मी प्रत्येक वेळी नवीन तांब्याचा वॉशर वापरतो.

दुसऱ्या दिवसाचे आकडे: पहिला ३९०, दुसरा ३८५, तिसरा ३०५. मग उलट क्रमाने: तिसरा ३०५, दुसरा ३८०, पहिला ३८५. उलट क्रमाने मोजायची युक्ती कुणी सांगितली नव्हती, बॅटरीच्या अनुभवातून सुचली. बॅटरी दमत असेल तर क्रम उलटल्यावर दोष एका सिलिंडरवरून उडी मारून दुसऱ्यावर जातो. माझा दोष हलला नाही. तिसराच खाली, आणि पहिल्यापेक्षा २२ टक्क्यांनी खाली. बऱ्याच मॅन्युअलमध्ये सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा असं असतं.

मी या संचावर भरवसा ठेवायला लागलो तो इथे. त्याचे आकडे खरे आहेत म्हणून नव्हे. मी ते गेज कॉम्प्रेसरवर टायरच्या चांगल्या गेजशेजारी लावून बघितलं, १०० पीएसआयला ते ११० दाखवतं. वरच्या टोकाला किती चुकतं हे घरी तपासता येत नाही. पण तोच सिलिंडर, तीच बॅटरी, तीच गरमी असली की आकडा पाच पीएसआयच्या आत तोच येतो, आज येतो आणि महिन्यानेही येतो. या कामात एवढंच लागतं. मॅन्युअलमधला आकडा समुद्रसपाटीचा, त्यांच्या सेल्फच्या वेगाचा, त्यांच्या गेजचा असतो. समुद्रसपाटीपासून १००० मीटर वर गेलात की बाहेरच्या हवेचाच दाब सुमारे ११ टक्के कमी होतो, आणि इंजिन कितीही चांगलं असलं तरी गेज तेवढं कमी दाखवणार. म्हणून पुस्तकातल्या आकड्याशी भांडत बसू नये. एका सिलिंडरला शेजारच्या सिलिंडरशी ताडून बघावं, आणि आजच्या इंजिनाला त्याच्याच मागच्या आकड्याशी.

तिसऱ्यात हवा निसटतेय हे ठरलं. कुठून? इथे सगळे सांगतात: वरून थोडं तेल ओता आणि परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. संचाच्या पत्रकातही हेच आहे, एका ओळीत. पेट्रोल इंजिनावर ते चालतं. डिझेलवर हा सल्ला तसाच्या तसा घेतला तर लोक चांगल्या रिंगा बदलतात.

हिशोब करून बघा. माझ्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन साधारण ८३३ सीसी जागा झाडतो. कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) १७ धरला तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरलेली जागा फक्त ५२ सीसी. त्यात ५ सीसी तेल ओतलं की उरली ४७, म्हणजे रेशो आपोआप १८.७. हवा एवढी जास्त दाबली गेल्यावर गेजचा आकडा साधारण १३ टक्के वाढलाच पाहिजे, रिंगा कशाही असोत. ३०५ चे ३४५ होतील आणि माणूस म्हणेल, बघा, रिंगा गेल्या!

म्हणून मी तेल चांगल्या सिलिंडरमध्येही ओतलं. इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून, दोन्हीकडे बरोबर ५ सीसी. पहिला ३९० वरून ४४० वर गेला. तिसरा ३०५ वरून ३४५ वर. दोन्ही १३ टक्के. तेलाने तिसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त काही दिलं नाही, म्हणजे जी वाढ दिसली ती तेलाने अडवलेल्या जागेची. तरी यावरून मी रिंगांना पूर्ण निर्दोष म्हटलं नाही. थेट इंजेक्शनच्या पिस्टनच्या माथ्यावर वाटीसारखा खड्डा असतो, तेल त्यात साचतं आणि रिंगांपर्यंत पोचेलच असं नाही. पाच सीसीच्या वर तर जाऊच नये. तेल दबत नाही, जास्त झालं की पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चाचणी झाल्यावर नोझल लावायच्या आधी मोकळ्या भोकांनी सेल्फ मारून तेल बाहेर काढून टाकावं.

पुढची पायरी या संचामुळेच जमली, आणि याच्यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी देतो. अडॅप्टरच्या डोक्याला झटक्यात जोडायची कपलिंग आहे, तीच माझ्या कॉम्प्रेसरच्या पाईपला बसते. अडॅप्टरमधला व्हॉल्व्ह-कोअर काढायचा, तिसरा पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी पूर्ण वर आणायचा, आणि हवा सोडायची. ट्रॅक्टर गिअरमध्ये आणि ब्रेक लावलेला हवा, कारण पिस्टन जराही वरच्या बिंदूपासून सरकलेला असेल तर हवेने इंजिन झटकन फिरतं. पंख्याजवळ कुणाचा हात नको. मुलीला ब्रीदरवर कान लावायला सांगितलं, मी रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात बघत बसलो. ब्रीदरमधून बारीकशी सळसळ, पहिल्या सिलिंडरला येत होती तेवढीच. पाण्यात एकही बुडबुडा नाही. ती उठून सायलेन्सरपाशी गेली आणि म्हणाली, "बाबा, इथून सायकलच्या ट्यूबमधून सुटते तशी सुटतेय."

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रॉकरचं झाकण उघडलं, फिलर गेजची सगळ्यात पातळ पत्तीही तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये (व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीत) जाईना. गॅप शून्य. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं बैठकीत झिजत खोल गेला की त्याची दांडी वर येते आणि गॅप आपोआप कमी होत जातो. आवाज येत नाही, उलट टॅपेट शांत होतात, त्यामुळे कुणाचं लक्षही जात नाही. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. खरं तर टॅपेट मोजायचं काम टेस्टर पेटीतून काढण्याच्याही आधीचं. मी तो क्रम चुकवला, तुम्ही चुकवू नका. माझ्या मॅन्युअलमध्ये थंड इंजिनाला ०.३० मिलिमीटर दिलाय, सगळे सहा त्यावर लावले. लगेच मोजलं तर तिसरा ३५०. वीसेक तास काम झाल्यावर ३६०. पहिला तेव्हाही ३९० वरच होता. फरक आठ टक्क्यांच्या आत.

राहिलेल्या किरकोळ गोष्टी. कपलिंगमधली रबरी रिंग चौथ्या वापरानंतर हवा सोडायला लागली, सुटी दिलेली नाही, मापाची शोधून बसवली. व्हॉल्व्ह-कोअर दिसायला टायरच्या कोअरसारखाच असतो आणि त्यातच बसतो, पण तो नाही. त्याची स्प्रिंग मऊ असते, कारण प्रत्येक दाबाला तो सहज उघडला पाहिजे. माझा एक हरवला तेव्हा मी टायरचा घालून बघितला, आकडा ३० पीएसआयने खाली आला. सुटे तीन कोअर जपून वेगळ्या डबीत ठेवा, टायरच्यांत मिसळले की ओळखता येणार नाहीत. हा कोअर अडॅप्टरच्या डोक्यात आहे, पाईपच्या वरच्या टोकाला म्हणजे गेजपाशी नाही, हे बनवणाऱ्याने फार बरोबर केलंय. गेजपाशी असता तर पाईपमधली पोकळीही प्रत्येक दाबात भरावी लागली असती. तीस सेंटिमीटर लांब आणि पाच मिलिमीटर भोकाच्या पाईपमध्ये सहा सीसी मावतात, आणि बावन्न सीसीच्या जागेत सहा वाढले तर आकडा कितीतरी खाली येतो. दुसरा कुठला संच घेणार असाल तर आधी कोअर कुठे आहे ते विचारा.

सुई बघत बसण्यापेक्षा फोनवर चित्रीकरण करा. प्रत्येक झटक्याला सुई किती चढली ते नंतर सावकाश बघता येतं. टॅपेट लावण्याआधी पहिल्या सिलिंडरने पाच झटक्यांत ३९० गाठलं होतं, तिसरा सहाव्यालाही ३०५ वर अडला होता. ती दोन चित्रणं मी जपून ठेवली आहेत.

घ्यावा का? एकच इंजिन, तेही नवीन, आणि नीट चालत असेल तर गरज नाही. जुना ट्रॅक्टर घरी सांभाळत असाल, किंवा जुना विकत घ्यायला निघाला असाल आणि मालक नोझल काढू देत असेल, तर जरूर घ्या. पत्रक फेकून द्या, सुटे कोअर आणि मूठभर तांब्याचे वॉशर पेटीत टाका.

तिसऱ्याचा व्हॉल्व्ह बैठकीत खोल गेलाय हे खरंच आहे, हेड कधीतरी उतरवून बैठक घासावी लागणार. आता दर १०० तासांनी टॅपेट आणि कॉम्प्रेशन दोन्ही वहीत लिहितो. शेवटची नोंद ३९०, ३८५, ३६०. सकाळी तिसऱ्या सेकंदाला पेटतो.